दोर कोणाचा

आमची गल्ली ऐतिहासिक आहे हे मला कळलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. तोपर्यंत ती घाण होती. शाळेत बाईंनी कुठे राहतेस विचारलं आणि मी गल्ली सांगितली की शेजारची मुलगी बाकावर सरकून बसायची, कारण दोरांना लावायच्या डांबराचा वास आमच्या कपड्यांना यायचा, केसांना यायचा, वह्यांनासुद्धा यायचा. पालिकेची कचरागाडी वरच्या चौकातच थांबायची. पूर आला की गावाच्या बाकीच्या भागात वाळूच्या गोण्या जायच्या आणि आमच्याकडे निरोप यायचा की वरच्या मजल्यावर जा. जसं काही आम्हाला ते सुचलंच नसतं. आता त्याच गल्लीच्या तोंडाशी पितळी पाटी आहे आणि तिच्यावर लिहिलंय, ‘नगराचा जिवंत वारसा’. पाटी बसवायला आलेल्या माणसाला मी विचारलं, यातलं जिवंत म्हणजे नेमकं कोण? तो म्हणाला, बाई, मी फक्त स्क्रू मारतो. त्याच्यावर चिडण्यात काही अर्थ नव्हता, तरी मी चिडले.

गल्ली चौकापासून नदीच्या काठापर्यंत सरळ नाकासमोर जाते. पाहुण्यांना वाटतं, कोणा हुशार माणसाने ती कागदावर आखली असेल. कोणी आखली नाही. आमच्या लोकांनी चौकात चाक रोवलं, काठावर लोखंडी खुंटा रोवला, मध्ये दोर ताणला, आणि त्या दोराला धक्का लागणार नाही अशी दोन्ही बाजूंनी घरं बांधली. म्हणून आमच्या दारांच्या पायऱ्या आत आहेत. खिडक्या आत उघडतात. कोणाच्या भिंतीतून एक खिळा बाहेर आलेला दिसणार नाही. नदीवर पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, चालायचे तेव्हा चौकात चाकांची रांग होती आणि सकाळी उजाडल्यापासून गल्लीत दोर पडत, म्हणजे वळले जात, असायचे. पडणारा दोर कोणी ओलांडायचा नाही. दूधवाला थांबायचा, पोलीस थांबायचा, एकदा एक डॉक्टर बाळंतिणीकडे जायला निघालेले तेही थांबले आणि मग कोणाच्या तरी घरात शिरून मागच्या दाराने पळत गेले. पुढे पडाव बंद झाले, नायलॉन आलं, एकेक चाक विकलं गेलं. एकेक घर रिकामं झालं. शेवटी आमचंच चाक उरलं.

काम कसं चालतं ते सांगते, कारण पाटीवर ते चुकीचं लिहिलंय. तागाचं सूत आधी घरात कातून ठेवायचं. दोर वळायच्या दिवशी ते कमरेला गुंडाळायचं, टोक चाकाच्या आकड्याला लावायचं, आणि चाकाकडे तोंड करून, सूत सोडत सोडत उलट चालत नदीपर्यंत जायचं. दुसरा माणूस चाक फिरवतो, सुताला पीळ बसतो, एक पेड तयार होतो. असे तीन पेड पडले की ते एकात एक वळायचे, तो दोर. आता उलट चालणाऱ्याला मागचं दिसत नाही. म्हणून चाकावरचा माणूस त्याचे डोळे. तो ओरडून सांगतो, ये, डावं घे, उजवं घे, थांब. चालणारा अर्ध्या वाटेत असताना चाकावरच्याने दांड्यावरून हात काढायचा नाही आणि तोंड मिटायचं नाही. आणि चालणाऱ्याने मान वळवून बघायचं नाही. मान वळवली की ताण जातो, पेडाला गाठी पडतात. शिवाय चाकावरच्याचा अपमान होतो.

शेवटी दोर पुरा झाला की चालणारा खुंट्याशी उभा राहून विचारतो, “दोर कोणाचा?” ज्याने सांगून करून घेतला त्याचं नाव चाकावरचा माणूस मोठ्याने घेतो. तो म्हणेल त्याचा दोर. गल्लीत यावरून कधी भांडण झालं नाही, कारण चाकावरचा खोटं बोलेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आमच्या घरात बाबा चाकावर आणि मी उलट चालणारी. आई गेल्यापासून मीच. माझा धाकटा भाऊ दोन्ही शिकला, पण बाबांच्या मते त्याचा गळा चाकाचा होता. त्याने काठापर्यंत हाक मारली तर शब्द न शब्द ऐकू यायचा. मग बाबांचं अर्धं अंग लुळं पडलं. ते वरच्या खोलीत खिडकीशी पलंगावर असतात. खिडकी कायम उघडी, का तर चाक वाजलं की ऐकू यावं. पावसाचं पाणी आत येतं, गादी भिजते, मी ओरडते, पण खिडकी लावू देत नाहीत. त्या गडबडीत एक वर्ष दोर पडला नाही.

हे साधं वाटेल, पण आमचं घर त्यावर उभं आहे. चौकात चाकाशेजारी एक दगड आहे आणि त्यावर जुन्या नगराने कोरून दिलंय की जोवर दरवर्षी दोरवाल्यांचा एक दोर, कोणी कामासाठी सांगितलेला, चाकापासून खुंट्यापर्यंत पडेल तोवर गल्ली मोकळी राहील आणि तिच्यावरची घरं दोरवाल्यांची राहतील. सलग दोन वर्षं दोर पडला नाही तर सगळं नगराचं. पाटी लावणाऱ्या वारसा समितीने दगड घासूनपुसून त्यावर दिवा सोडलाय. लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. एकानेही तो वाचलेला मला दिसला नाही. समितीच्या अध्यक्षांनी मात्र वाचला होता, चांगला डोळ्यांत तेल घालून वाचला होता.

अध्यक्षांना आम्ही अत्तर म्हणायचो, कारण ते येण्याआधी त्यांचा वास यायचा. माणूस गोड. इतका गोड की बोलून झाल्यावर हात धुवावेसे वाटायचे. ते बाबांना भेटायला आले, खुर्चीवर टेकले न टेकले, आणि म्हणाले की नदीकाठच्या दमट हवेत अशा रुग्णाला ठेवणं बरं नाही, समिती गावाबाहेर छान खोली बघून देईल. या घरात म्हणे चित्रकार राहायला येणार होते. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, “यांना जिना दाखव.” जिना समोरच होता.

तेव्हापासून गल्लीत एकेक गोष्ट उगवायला लागली. आधी कुंड्या. माणूस आत बसेल एवढ्या सिमेंटच्या कुंड्या, बरोबर मधोमध. मग बाकं. मग नक्षीचे दिवे. काठावरची जुनी वखार होती तिथे कॉफीचं दुकान आलं, ते हळूहळू पुढे सरकलं आणि आमचा खुंटा दुकानाच्या आत गेला. त्याला सोनेरी रंग दिला आणि त्याच्यावर साखरेच्या पुड्यांची टोपली ठेवली. मी अर्ज केले, पालिकेत गेले, समितीत गेले. सगळीकडे एकच उत्तर, हे गल्लीचं ऐतिहासिक रूप जपण्यासाठी आहे. ज्या गल्लीत शेकडो वर्षं कोणी भिंतीत खिळा मारला नाही, तिचं रूप जपायला मध्ये कुंड्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या कुंड्या ठेवताना हमालांना जागा दाखवत कोण उभा होता? माझा धाकटा.

समितीने त्याला नोकरी दिली होती. अंगात जुन्या काळचा म्हणून शिवलेला पितळी बटणांचा कोट. आमच्या कुळात असा कोट कोणी घातला नव्हता, घातला असता तर पहिल्याच पेडाला बटण अडकलं असतं. आमचं चाक त्यांनी उचलून संगमरवरी चौथऱ्यावर बसवलं, चकचकीत रोगण दिलं आणि साखळी घालून कुलूप लावलं. किल्ली धाकट्याच्या खिशात. पाहुणे आले की तो कुलूप काढायचा, त्यांच्या हातात नायलॉनची सुतळी द्यायचा, दोन वेढे फिरवायचा, टाळ्या. तो चौकाजवळ बायकोमुलांसह वेगळा राहत होता. बाबांना भेटायला यायचा तेव्हा कोट खाली अंगणातल्या दोरीवर काढून ठेवायचा. म्हणजे लाज होती. मला वाटायचं, निदान तेवढी आहे.

दोर चुकला त्याच्या पुढच्या वर्षी दोर सांगितला होडीवाल्या काकांनी. आमच्या घाटावरून पलीकडे एक होडी जाते, ती वल्ह्यांनी नाही, नदीवर आडव्या बांधलेल्या दोराला धरून ओढत जाते. पूल आहे, पण लांब. काकांचा जुना दोर झिजला होता. त्यांना नायलॉन परवडत होतं, बाजारात मिळतही होतं, पण ते म्हणाले की नायलॉन ओलं झालं की हातातून सटकतं, मला तुमचाच पाहिजे. खरं कारण तेवढंच नव्हतं हे मला कळत होतं. मी हिवाळाभर सूत कातलं.

मग धाकट्याला सांगितलं, एक दिवस चाक उघड. तो म्हणाला, बघू. पुन्हा सांगितलं, पुन्हा बघू. तिसऱ्या वेळी मी त्याच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच उभी राहिले. तो म्हणाला की ताई, तू समजून घे, नोकरी जाईल, दोन पोरांच्या शाळा आहेत, आणि तसंही आता दोराला कोण विचारतंय. मी म्हटलं, काका विचारतात. तो दाराची कडी चाळवत राहिला. मी म्हटलं, घर जाईल, बाबांना कुठे नेऊ? तर माझा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन गल्लीभर हिंडले, तो मला म्हणाला की समितीने बघितलेली खोली वाईट नाहीये. मी पायातली चप्पल हातात घेतली होती. भावजय मध्ये आली म्हणून पायात घालून परत आले.

वर्ष संपत आलं. गल्लीच्या नव्या रूपाचं उद्घाटन ठरलं, त्या दिवशी चाक सकाळपासून उघडं राहणार होतं. मी बाबांना न्याहारी दिली, कमरेला सूत गुंडाळलं, वरून जुनी शाल घेतली आणि चौकात गेले. मांडव, खुर्च्या, माइक. अत्तर पहिल्या रांगेत. धाकटा कोट घालून चाकाशी उभा, हातात ती नायलॉनची सुतळी. मी शाल काढून खुर्चीवर टाकली, पुढे गेले, सुतळी त्याच्या हातातून घेतली आणि खाली टाकली. माझ्या सुताचं टोक आकड्याला लावलं. तो दबक्या आवाजात म्हणाला, ताई, नको. मी त्याच्याकडे बघत एक पाऊल मागे टाकलं.

आणि चाक फिरलं.

मी सांगते, त्याने ठरवून फिरवलं नाही. समोर कोणी कमरेला सूत बांधून मागे सरकलं की आमच्यातल्याचे हात दांड्यावर जातातच. मी चालत राहिले. लोक उठून बघायला लागले. आणि मग त्याचा आवाज आला, तो काठापर्यंत जाणारा आवाज. “ये. ये. डावं घे, कुंडी. अजून डावं. ये.” मी डावं घेतलं, सिमेंट माझ्या कोपराला घासून गेलं. “उजवं. बाक आहे. बाकावर माणसं आहेत.” मी थांबले नाही, माणसं उठली. “दिवा. ये, ये, सरळ ये.” मी एकदाही मान वळवली नाही. कुंड्यांच्या त्या सगळ्या भाऊगर्दीतून त्याने मला सुईत दोरा ओवावा तसं नेलं. त्यानेच त्या मांडल्या होत्या, त्याला एकेक पाठ होती. माझा राग वितळत चालला होता, हे मला कबूल करायला आवडत नाही. मला वाटलं, आला बाई परत. बाबा वर खिडकीत ऐकत असतील.

कॉफीच्या दुकानाचं दार आलं तेव्हा समितीचा माणूस म्हणून त्याने थांब म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, “दार उघडं आहे. ये.” मी उलट्या पावलांनी आत गेले. लोकांनी कप उचलले, खुर्च्या सरकवल्या. एक बाई म्हणाली, किती सुंदर. मी साखरेची टोपली खाली ढकलली आणि पेड खुंट्याला बांधला. मग परत वर गेले आणि दुसरा, मग तिसरा. आता माणसंच चारचौघं मिळून कुंड्या बाजूला सरकवायला लागली होती, काहींना ते मजेचं वाटत होतं. दुपार कलली तेव्हा तीन पेडांचा एक दोर झाला होता, चाकापासून खुंट्यापर्यंत, भरदार, कुठे गाठ नाही. काका काठावर होडी लावून उभे होते. मी खुंट्याशी उभी राहिले, छातीत दम भरला आणि विचारलं, “दोर कोणाचा?”

त्याच वेळी माइकवरून अत्तर बोलायला लागले. म्हणाले की समितीच्या वतीने सादर झालेलं हे प्रात्यक्षिक आपण सर्वांनी पाहिलं, हा दोर समितीच्या संग्रहालयात ठेवला जाईल, आणि दर रविवारी हा कार्यक्रम होईल. टाळ्या. मला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. समितीचा कार्यक्रम, समितीचा दोर, म्हणजे दोरवाल्यांचा दोर यंदाही पडला नाही. माझे दिवसभराचे पाय, हिवाळाभराचं सूत, सगळं त्यांच्या घशात.

पण नाव चाकावरच्याने घ्यायचं असतं. मी पुन्हा विचारलं, गळा फाटेपर्यंत. “दोर कोणाचा?”

टाळ्या थांबल्या. गल्ली सरळ आहे, त्या टोकाला तो मला दिसत होता. अत्तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले होते, हात त्याच्या खांद्यावर. धाकट्याने तोंड उघडलं आणि त्याच चांगल्या, स्पष्ट आवाजात म्हणाला, “समितीचा.”

वर आमच्या घराची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. बाबांनी चांगल्या हाताने ती लावून घेतली होती.

त्यानंतर मी काय केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे. खुंट्याची गाठ सोडली, दोराचं टोक दुकानाच्या नदीकडच्या दारातून काकांकडे फेकलं. काकांनी ते होडीला बांधलं, झिजलेला दोर धरला आणि पलीकडे निघाले, नाकावर टिच्चून. दोर गल्लीतून सरसर चालायला लागला, दुकानातून, बाकांच्या पायांमधून, पाहुण्यांच्या बुटांजवळून. अत्तर ओरडले, धर, धर त्याला. धाकट्याने दोर धरला नाही. सोडलाही नाही. दोन्ही हात वर करून उभा राहिला. आकडा सरळ झाला, दोर निसटला आणि गल्लीतून बाहेर पडून पाण्यात गेला. काकांनी तो त्याच आठवड्यात डांबर लावून नदीवर बांधला.

समितीने माझ्यावर चोरीची तक्रार केली. माझ्या घरात माझ्या हाताने कातलेल्या सुताचा दोर मी चोरला. पालिकेच्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी ठरली, पलीकडच्या काठावरच्या कचेरीत. त्यातच घराचाही निकाल लागणार होता, कारण दोर कोणाचा हे ठरलं की यंदा दोर पडला की नाही हेही ठरणार. आणि रीतीप्रमाणे साक्षीदार एकच, चाकावरचा माणूस. बाबा तेव्हापासून कोणाशी बोलत नव्हते. खिडकी बंदच. उकाड्याने जीव जायची वेळ आली तरी बंद.

सुनावणीच्या सकाळी मी काकांच्या होडीत बसले होते आणि धाकटा पळत पळत आला. त्याला उशीर झाला होता, पुलावरून जायला वेळ नव्हता. कोट अंगात होताच. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, बसायचं तर ओढायचं. त्यांच्या होडीचा नियमच तसा आहे, धडधाकट माणसाने दोराला हात लावायचा. त्याने बाह्या वर केल्या. मी पुढे, तो माझ्या मागे, दोघं दोर ओढत होतो. डांबर अजून ओलसर होतं. नदीच्या मध्यावर आलो तेव्हा मी मान न वळवता विचारलं, “दोर कोणाचा?”

त्याने आणखी दोनदा दोर ओढला. मग तो म्हणाला, “तुला माहीत आहे, ताई.”

“मला माहीत आहे. मला नको सांगूस. तिकडे सांग.”

कचेरीत अत्तर आधीच येऊन बसले होते, खोली त्यांच्या वासाने भरली होती. त्यांचे वकील बराच वेळ बोलले, चाक समितीचं, कामगार समितीचा, कार्यक्रम समितीचा. मग अधिकाऱ्याने धाकट्याला उभं केलं आणि विचारलं की तुम्ही त्या दिवशी सर्वांसमोर समितीचा दोर म्हणालात, बरोबर? तो उभा होता, हात पोटाशी धरून, आणि त्याचे दोन्ही तळवे काळेकुट्ट होते. त्याने ते कोटाला पुसायचा प्रयत्न केला होता, कोटही काळा झाला होता.

“म्हणालो,” तो म्हणाला. “खोटं बोललो. दोर होडीवाल्या काकांचा. त्यांनी हिवाळ्यात सांगितला, बहिणीने वळला. मी नुसता चाकावर होतो.”

अत्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं, त्यापेक्षा कोट तिथेच काढून घेतला असता तर बरं. वकील पुन्हा उठले, अधिकाऱ्याने त्यांना बसवलं, काकांना विचारलं, मला विचारलं. शेवटी सांगितलं की दोर पडला आहे, गल्ली मोकळी करून द्यावी. घर राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. जिना उतरेपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले आणि खाली अंगणात त्याला गाठलं.

“नुसता?” मी म्हटलं. “नुसता चाकावर होतो म्हणजे काय? बाबा आयुष्यभर नुसते होते? डोळे मिटून मी तुझ्या आवाजावर त्या दुकानात शिरले, ते नुसतं?”

लोक बघायला लागले. काका लांब जाऊन उभे राहिले. मी त्याला बरंच काही बोलले, कुंड्यांपासून खोली वाईट नाहीये इथपर्यंत, एकही गोष्ट सोडली नाही. समितीचा म्हणालास तेव्हा बाबांनी खिडकी लावली, हेही सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. तो खाली बघत होता. पण निघून जात नव्हता. माझा दम संपला तेव्हा त्याने कोट काढला, घडी न करता काखेत मारला आणि ते काळे हात माझ्यापुढे धरले.

“घरी रॉकेल आहे का?” तो म्हणाला. “हे दुसऱ्या कशाने जात नाही.”

“आहे,” मी म्हटलं. “आधी कुंड्या उचल. मग वर जा, आणि बाबांना सांग दोर कोणाचा. खिडकी बंद आहे, जरा मोठ्याने सांगावं लागेल.”